पहिल्या वर्षाच्या गार्डला कोपऱ्यात उभं करू नका

प्रति,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील शाळा-महाविद्यालयांच्या बास्केटबॉल संघांचे प्रशिक्षक, क्रीडाशिक्षक आणि निवड समित्यांचे सदस्य यांस,

स.न.वि.वि.

शाळेत गाजलेला गार्ड, म्हणजे रिंगपासून लांब राहून बॉल खेळवणारा खेळाडू, बारावीनंतर महाविद्यालयाच्या संघात येतो आणि पहिल्याच हंगामात त्याच्यावरून दोन तट पडतात. एक तट म्हणतो, पोरात दम आहे, सरळ पहिल्या पाचात घ्या. दुसरा म्हणतो, अजून कच्चा आहे, दोघं अंगावर आले की बॉल घालवतो, पुढच्या वर्षी बघू. भुसावळपासून नंदुरबारपर्यंत ही चर्चा कुठल्याही ग्राउंडवर ऐकायला मिळते. आम्हाला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात. नव्या गार्डला किती मिनिटं द्यायची, हा नंतरचा प्रश्न आहे. मिळालेल्या मिनिटांत त्याच्याकडे काम कोणतं आणि सोबत खेळणारे चौघे कोण, हे आधी ठरायला हवं. आज ते ठरवलं जात नाही. म्हणून हे पत्र.

स्कोअरशीटवर पहिल्या पाचांच्या फुलीभोवती गोल असतो, बदली उतरलेल्याच्या फुलीला नसतो. पहिल्या वर्षाच्या गार्डची ही बिनगोलाची फुली बहुधा दोनच प्रसंगी पडते. एक, सामना हातातून गेल्यावर किंवा पूर्ण हातात आल्यावर. दोन, मुख्य गार्डला चौथा फाऊल लागल्यावर. पहिल्या प्रसंगी मैदानावर कोणीच नीट खेळत नसतं, दुसऱ्या प्रसंगी सगळे घाबरलेले असतात. दोन्ही वेळी त्याला सांगितलं जातं, "कोपऱ्यात थांब, बॉल आला की मार."

आता तो कोपरा नीट बघा. थ्री पॉइंटची रेषा रिंगपासून ६.७५ मीटरवर आहे, पण कोपऱ्यात ती साइडलाइनला समांतर जाते आणि साइडलाइनपासून तिचं अंतर फक्त ९० सेंटीमीटर उरतं. त्या पट्ट्यात दोन्ही पाय मावायचे, रेषेला बूट लागू द्यायचा नाही, टाच बाहेर जाऊ द्यायची नाही आणि हात तयार ठेवायचे. हे काम सरावलेल्या शूटरचं आहे. बॉल हातात असताना ज्याची नजर चालते, त्याला तिथे उभं केलं की त्याच्या हाती दहा मिनिटांत दोन शॉट येतात, तेही शॉटसाठीचे चोवीस सेकंद संपत आलेले असताना. दोन्ही हुकले की शेरा ठरलेला: शूटिंग नाही. ज्या कामासाठी त्याला संघात घेतलं, ते त्याला एकदाही करायला मिळालेलं नसतं.

नवा गार्ड सगळ्यात जास्त कुठे मोडतो, तेही सांगतो. फुल कोर्ट प्रेसमध्ये, म्हणजे समोरचा संघ पूर्ण मैदानभर अंगावर येऊन अडवतो तेव्हा, आणि तेही एका ठरावीक जागी. आपल्या संघाने बास्केट खाल्ली, एंडलाइनवरून बॉल आत आला, नव्याने तो कोपऱ्यात, मैदानाकडे पाठ करून घेतला. वळला तो थेट ड्रिबल टाकतच. समोरच्याने मधला रस्ता बंद करून त्याला साइडलाइनकडे ढकललं. आठ सेकंदांत पलीकडे जायचंय या भीतीने तो पळत सुटला आणि मध्यरेषा ओलांडून दोन पावलांवर थांबला. तिथे दुसरा डिफेंडर वाटच बघत असतो. आता एका बाजूला साइडलाइन, मागे मध्यरेषा, समोर दोन माणसं. मागे जाता येत नाही, कारण बॉल मध्यरेषेमागे परत नेला की बॅककोर्टची चूक. ड्रिबल उचलला की पाच सेकंदांची मोजणी सुरू. डोक्यावरून फेकलेला तो उंच, हळू पास पलीकडचा गार्ड आरामात उचलतो आणि मोकळा लेअप घालतो. पुढच्या शिट्टीला बदली होते. पोरगा मान खाली घालून बेंचवर, आणि "प्रेशर झेपत नाही" हा शिक्का वर्षभर कपाळावर.

या एका प्रसंगात चार चुका आहेत आणि चारही शिकवल्या की जातात. पहिली, बॉल घेण्याची जागा. तो एंडलाइनला चिकटून कोपऱ्यात घ्यायचा नाही. फ्री थ्रो रेषेच्या उंचीपर्यंत वर येऊन, एक खांदा मैदानाकडे ठेवून घ्यायचा, म्हणजे पकडतानाच पुढचं दिसतं. दुसरी, पकडल्या पकडल्या ड्रिबल टाकण्याची सवय. आधी एक नजर मध्ये, एक नजर पलीकडे, मग ड्रिबल. त्यात अर्धा सेकंद जातो, पण हातातला ड्रिबल शिल्लक राहतो. तिसरी, साइडलाइन धरून पळणं. रेषेपासून दोन मीटर आत राहायचं, दुसरा डिफेंडर सुटताना दिसला की दोन ड्रिबल मागे घ्यायचे आणि तो पोचण्याआधी पास सोडायचा. दोघं अंगाला भिडल्यावर पास शोधायचा नसतो, तो त्यांच्यात दोन पावलांचं अंतर असतानाच जायला हवा.

चौथी चूक त्याची नाहीच. ती मधल्या माणसाची आहे. प्रेस फुटतो तो मध्यवर्तुळाजवळ उभ्या असलेल्या उंच खेळाडूमुळे, जो बॉलच्या बाजूला चार-पाच मीटर सरकतो, छातीसमोर हात दाखवतो आणि पास घेऊन वळतो. आपल्याकडे हा उंच खेळाडू, म्हणजे सेंटर, प्रेसच्या वेळी सरळ पलीकडच्या रिंगखाली जाऊन उभा राहतो. मग गार्डला पास द्यायला माणूसच नाही. शीटवर टर्नओव्हर (बॉल गमावल्याची नोंद) मात्र गार्डच्या नावावर लागतो. प्रशिक्षकांनी व्हिडिओ बघताना बॉलवर नजर ठेवू नये, त्या क्षणी मध्ये कोण होतं ते बघावं. मोबाइल गॅलरीत उंचावर ठेवून काढलेला साधा व्हिडिओही त्यासाठी पुरतो.

आता मूळ वादाकडे येतो. पहिल्या वर्षाच्या गार्डला पॉइंट गार्ड (बॉल नेऊन खेळ चालवणारा) म्हणून वापरायचं की शूटिंग गार्ड (मुख्यतः शॉट मारणारा) म्हणून? हा "किंवा" आम्हाला मान्य नाही. पहिल्या क्वार्टरमध्ये तो बेंचवर असावा आणि त्याच्याकडे काम असावं: समोरच्या संघाचा कोणता डिफेंडर स्क्रीनखालून (स्क्रीन म्हणजे त्याच्या वाटेत आड उभा राहिलेला आपला खेळाडू) जातो, कोण वरून येतो, प्रेस बास्केट झाल्यावर लावतात की प्रत्येक डेड बॉलवर, म्हणजे खेळ थांबल्यावर, हे बघून क्वार्टरअखेर सांगायचं. दुसऱ्या क्वार्टरच्या सुरुवातीला त्याला अनुभवी गार्डच्या जोडीला उतरवा. बॉल मध्यरेषेपलीकडे अनुभवी गार्ड नेईल, दुसऱ्या बाजूला फिरला की नवा गार्ड तिथून खेळ पुढे नेईल. तीन मिनिटांनी अनुभवी गार्डला विश्रांती द्या आणि पुढची तीन मिनिटं बॉल पूर्ण नव्याच्या हातात सोपवा. त्या तीन मिनिटांत सोबत एक भरवशाचा शूटर आणि स्क्रीन लावून रिंगकडे धावणारा एक सेंटर असलाच पाहिजे. बेंचवरचे पाचही एकदम उतरवून नव्या गार्डला "चालव संघ" म्हणणं ही परीक्षा नव्हे. तो पूल नसलेल्या नदीत ढकलण्याचा प्रकार आहे.

या सहा मिनिटांत चूक झाली म्हणून बाहेर काढायचं नाही, हे आधीच, संघासमोर, तोंडाने सांगा. प्रत्येक चुकीनंतर बेंचकडे बघणारा गार्ड पुढचा पास उशिरा देतो, कारण त्याची नजर मैदानावर नसते. बाहेर काढायची कारणं दोनच ठेवा: परत डिफेन्सला न धावणं आणि सांगितलेला सेट मुद्दाम मोडणं.

पिक अँड रोल (सेंटरने गार्डसाठी स्क्रीन लावून रिंगकडे धावणं) शिकवताना घाई होते. एका आठवड्यात चारही उत्तरं सांगितली जातात आणि सामन्यात एकही आठवत नाही. आधी दोन पुरेत. डिफेंडर स्क्रीनच्या खालून गेला, तर तिथेच थांबून शॉट, किंवा शॉट नसेल तर सेंटरने तीच स्क्रीन थोडी खाली पुन्हा लावायची. डिफेंडर वरून चिकटून आला, तर दोन ड्रिबलमध्ये फ्री थ्रो रेषेच्या टोकाशी पोचायचं आणि समोरचा उंच माणूस पुढे आला की नाही एवढंच बघायचं. आला, तर सेंटरला खालून बाउन्स पास. नाही आला, तर स्वतःचा फ्लोटर, म्हणजे उंच, हलका शॉट. हे अंगवळणी पडलं की मग ट्रॅपचं (दोघांनी मिळून घेरण्याचं) उत्तर, म्हणजे दोन ड्रिबल मागे आणि मध्ये छोट्या धावेने आलेल्या सेंटरला पास. स्विचचं (डिफेंडरांनी आपापसात माणूस बदलण्याचं) उत्तर सगळ्यात शेवटी. होणारी चूक नेहमीचीच: स्क्रीन पक्की होण्याआधीच गार्ड सुटतो. मग सेंटर हलताना सापडतो आणि फाऊल त्याला लागतो. उपायही जुनाच आहे. सेंटरचे पाय जमिनीला टेकेपर्यंत थांबा, निघताना त्याच्या कमरेला खांदा घासून निघा आणि वेग तिथून वाढवा. नव्या गार्डचा वेग सतत शंभर असतो, म्हणून डिफेंडरला त्याची सवय होते. हळू येऊन अचानक सुटणं, हेच त्याच्या वेगाचं खरं मोल.

आपल्याकडे महाविद्यालयीन सामन्यांत टू-थ्री झोन (वर दोघं, खाली तिघं असा आपापली जागा धरून केलेला डिफेन्स) बराच दिसतो. तिथे पिक अँड रोलपेक्षा वेगळं काम आहे. वरच्या दोन डिफेंडरच्या मधल्या फटीत एक-दोन ड्रिबल टाकून दोघांनाही आपल्याकडे ओढायचं आणि बॉल फ्री थ्रो रेषेवरच्या खेळाडूकडे द्यायचा. तिथे बॉल गेला की झोन आत वळतो आणि कोपरा मोकळा होतो. कोपऱ्यात उभं राहायचं ते तुमच्या शूटरने. फट तयार करायची ती नव्या गार्डने.

त्याचं मोजमाप कसं करायचं, यावर थोडं सविस्तर लिहितो, कारण अन्याय तिथेच होतो. पॉइंट्स आणि असिस्ट एवढंच बघितलं, तर नवा गार्ड जवळपास कधीच पास होणार नाही. असिस्ट तर पास घेणाऱ्याने बास्केट केली तरच मिळतो. मोकळ्या लेअपचे चार पास दिले आणि तीन हुकले, तर शीटवर एक असिस्ट. म्हणून साध्या वहीत पाच रकाने आखा. त्याच्या पासातून निर्माण झालेले मोकळे शॉट किती, पडले असोत वा नसोत. त्याच्यामुळे बॉल किती वेळा पेंटमध्ये (रिंगपुढच्या रंगवलेल्या चौकोनात) गेला, पासाने किंवा ड्रिबलने. टर्नओव्हर किती आणि कोणत्या जातीचे. मिळालेले फाऊल किती. आणि तो मैदानात असताना संघ किती पॉइंट्सने पुढे किंवा मागे गेला. बेंचवरचा कोणताही खेळाडू हे लिहू शकतो, आणि लिहिता लिहिता तोही शिकतो.

टर्नओव्हरच्या जाती वेगळ्या लिहाव्यात हा आमचा आग्रह आहे. योग्य माणसाकडे, योग्य वेळी दिलेला पण थोडा मागे पडलेला पास ही हाताची चूक आहे. ती सरावाने जाते. दोघांच्या मधून, हवेत उडी मारून, जमिनीवर यायच्या आत कुठेतरी फेकलेला पास ही निर्णयाची चूक आहे. ती व्हिडिओ दाखवून जाते. ट्रॅव्हलिंग, आठ सेकंद, बॅककोर्ट ही तिसरी जात, आणि ती बहुतेकदा पायांची किंवा घाबरण्याची असते. तीन सामन्यांत नऊ टर्नओव्हर म्हणजे वाईट गार्ड असं ठरवण्याआधी त्या नवांत पहिल्या जातीचे किती, ते बघा. सहा असतील, तर तो पोरगा बरोबर गोष्टी बघतोय.

शॉटचं गणितही तोंडपाठ असावं. थ्री पॉइंट शंभरात तीस पडले, तरी एका प्रयत्नामागे ०.९ पॉइंट मिळतो. रेषेच्या एक पाऊल आत येऊन मारलेले शॉट शंभरात चाळीस पडले, तरी ०.८ च. दोन फ्री थ्रो निम्म्याने जरी पडले, तरी पूर्ण एक पॉइंट. म्हणजे आत घुसून फाऊल मिळवणारा नवा गार्ड शूटिंगशिवायही संघाचं काम करतो. शिवाय क्वार्टरमध्ये समोरच्या संघाचे चार फाऊल झाले की पाचव्यापासून प्रत्येक डिफेन्सिव्ह फाऊलला दोन फ्री थ्रो. पहिल्या चार-पाच मिनिटांत आत घुसून त्यातले दोन फाऊल ज्याने ओढले, त्याचा फायदा क्वार्टर संपेपर्यंत सगळा संघ घेतो. शीटवर त्याचं नाव कुठेच नसतं.

अर्थात फ्री थ्रो पडले पाहिजेत. ताजेतवाने असताना घातलेले दहा फ्री थ्रो काही सांगत नाहीत. कोर्टच्या चार लांब्या पळवा, लगेच दोन मारायला लावा, पुन्हा चार लांब्या, पुन्हा दोन. अशा पाच फेऱ्यांतले दहा मोजा. शॉट तोकडा पडू लागला तर पाय संपलेत, हात नव्हे.

डिफेन्सबद्दल दुसऱ्या तटाचं म्हणणं बरंच खरं आहे आणि ते मान्य करायला हवं. पहिल्या वर्षाचा गार्ड डिफेन्समध्ये महाग पडतो. अठराव्या वर्षीचं अंग पंचविशीजवळच्या गार्डला अडवू शकत नाही. पण त्याचे फाऊल कुठे होतात ते बघा. बरेचसे रिंगजवळ नव्हे, मध्यरेषेजवळ होतात, बॉल हिसकावायला वरून हात मारल्यामुळे. पाच फाऊलला खेळाडू बाहेर जातो, त्यातले दोन असे फुकट जातात. सवय बदलायची, हात वरून खाली न मारता तळवा वर ठेवून खालून न्यायचा आणि पाय आधी हलवायचे. दुसरी अडचण स्क्रीनची. तो स्क्रीनवर आदळून पडतो, कारण मागचा सेंटर "उजवीकडे स्क्रीन" असं ओरडतच नाही, किंवा आदळल्यावर ओरडतो. स्क्रीन लागण्याआधी, मोठ्याने, बाजू सांगून ओरडणं हे सेंटरचं काम आहे. ते होत नसेल, तर जगातला कुठलाच गार्ड त्यातून वाट काढणार नाही. ठरावीक सामन्यात त्याला समोरच्या सर्वांत घातक गार्डवर न ठेवता कोपऱ्यातल्या शूटरवर ठेवा. तिथे त्याला फक्त जागा सोडायची नाही आणि रिबाउंडला आपला माणूस अडवायचा.

एनबीए ही अमेरिकेतली लीग सगळ्यांच्याच मोबाइलवर आहे, म्हणून तिथले दाखले वादात हमखास येतात, आणि बहुतेक वेळा अर्धेच येतात. २००९ च्या ड्राफ्टमधले (संघांनी क्रमाने केलेल्या नव्या खेळाडूंच्या निवडीतले) दोन गार्ड घ्या. चौथ्या क्रमांकाचा टायरीक इव्हान्स पहिल्या हंगामात सरासरी २० पॉइंट्स, ५ रिबाउंड, ५ असिस्टच्या वर गेला आणि रूकी ऑफ द इयर (वर्षातला सर्वोत्तम नवा खेळाडू) झाला. सातव्या क्रमांकाचा स्टीफन करी त्या मतदानात दुसरा आला. इव्हान्स पुढे कधी ऑल स्टार झाला नाही. करीने २०१५ आणि २०१६ असे लागोपाठ दोन एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडूचे किताब) घेतले. यातून पहिलं वर्ष निरर्थक असतं असं ठरत नाही. पहिल्या वर्षाचे पॉइंट्स आणि पुढची झेप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं ठरतं. करीच्या गोल्डन स्टेट संघात मॉन्टा एलिस आणि करी असे दोन लहान चणीचे, बॉल हातात लागणारे गार्ड जोडीने खेळत होते आणि ते जमणार नाही ही कुजबुज पहिल्या दिवसापासून होती. मार्च २०१२ मध्ये संघाने एलिसला दिलं आणि सेंटर अँड्र्यू बोगट घेतला. करी तेव्हा घोट्याच्या दुखण्याने बेजार होता, तरी संघाने त्याची बाजू धरली. भूमिका आधी ठरली, नंतर खेळ बहरला.

ताजं उदाहरण त्याहून कामाचं आहे. २०२४ च्या ड्राफ्टमध्ये तिसऱ्या क्रमांकावर ह्यूस्टनने रीड शेपर्डला घेतलं आणि चौथ्यावर सॅन अँटोनिओने स्टेफॉन कासलला. ह्यूस्टन जिंकणारा संघ होता. फ्रेड व्हॅनफ्लीट आणि जेलन ग्रीन पुढे होते, प्रशिक्षक इमे उदोका डिफेन्सवर कडक. शेपर्डला सामन्यामागे जेमतेम साडेबारा मिनिटं मिळाली आणि तो फसला अशी ओरड झाली. कासल थ्री पॉइंट शंभरात तीससुद्धा घालत नव्हता, तरी रूकी ऑफ द इयर तोच झाला. कारण त्याच्या संघात बॉल सांभाळायला ख्रिस पॉल होता, जो त्या हंगामात सगळे ८२ सामने सुरुवातीपासून खेळला. कासलवर पहिल्याच दिवशी संघ चालवायचा बोजा नव्हता. डिफेन्स, कट मारून रिंगकडे धावणं आणि अधूनमधून बॉल हातात, असं त्याचं काम वाढवत नेलं. शेपर्ड वाईट होता म्हणून मागे पडला नाही, त्याच्यासाठी जागाच आखलेली नव्हती. आणि पुढच्या हंगामाच्या तोंडावर व्हॅनफ्लीट गुडघ्याच्या मोठ्या दुखापतीने बाहेर गेला, तेव्हा ह्यूस्टनला त्याच शेपर्डकडे वळावं लागलं. मुख्य गार्डचा पाय मुरगळायला आपल्या सिमेंटच्या कोर्टवर तर एक खडा पुरतो.

सॅन अँटोनिओच्याच टोनी पार्करचं नाव मात्र जपून घ्या. १९ वर्षांच्या त्या पोराला २००१ मध्ये प्रशिक्षक ग्रेग पोपोविचने पाचव्याच सामन्यात पहिल्या पाचात उतरवलं, हे सगळे सांगतात. २००३ च्या अंतिम मालिकेतल्या निर्णायक सामन्यात शेवटी त्याच्या जागी स्पीडी क्लॅक्सटन खेळला आणि त्याच उन्हाळ्यात संघ जेसन किडला आणायच्या मागे होता, हे कोणी सांगत नाही. २००७ मध्ये पार्कर अंतिम मालिकेचा एमव्हीपी झाला. लवकर उतरवणं आणि अडचणीच्या वेळी बाजूला घेणं, दोन्ही एकाच प्रशिक्षकाने एकाच खेळाडूबाबत केलं.

"ते ८२ सामने खेळतात, आमचा पहिला पराभव म्हणजे घरी परत." हा तुमचा आक्षेप आम्हाला पूर्ण मान्य आहे. बाद पद्धतीच्या स्पर्धेत शिकवण्यासाठी सामना गमावणं कुणालाच परवडत नाही. म्हणून तर शिकवण्याची जागा स्पर्धेआधी हवी. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचं क्षेत्र तिन्ही जिल्ह्यांचं आहे. जळगाव ते भुसावळ अर्ध्या तासाची गाडी आहे, धुळे-शिरपूर, अमळनेर-चोपडा ही अंतरं काही फार नाहीत. स्पर्धेआधीच्या महिन्यात दर रविवारी दोन संघांनी एकत्र यावं. नेहमीचे चार क्वार्टर नकोत. सहा-सहा मिनिटांचे सहा डाव ठेवा, प्रत्येक डावाचा स्कोअर शून्यापासून. दोन डाव फक्त पहिल्या वर्षाच्या गार्डांच्या हातात. एका डावात समोरच्याने प्रत्येक बास्केटनंतर फुल कोर्ट प्रेस लावायचाच, अशी आधीच बोली. एका डावाची सुरुवात मात्र अपवाद म्हणून चार पॉइंट्सनी मागे, दोन मिनिटं शिल्लक, दोन टाइमआउट हातात, अशी करा. महिनाभरात नव्या गार्डला जेवढे प्रेस बघायला मिळतील, तेवढे एरवी दोन हंगामांत मिळत नाहीत.

चोवीस सेकंदांच्या घड्याळाचंही असंच. ज्या ग्राउंडवर ते नाही, तिथे वाढलेला गार्ड विभागीय पातळीवर गेला की घड्याळ बघून गडबडतो, आठ सेकंद शिल्लक असताना शॉट फेकतो. घड्याळ नसलं तर सरावात एकाने बाजूला उभं राहून "दहा" आणि "पाच" असं ओरडायचं, खर्च काही नाही. "दहा" ऐकलं की स्क्रीन मागवायची, "पाच" ऐकलं की पास थांबवून रिंगकडे. आक्रमणातला रिबाउंड आपल्याला मिळाला की घड्याळ चौदावर येतं, हेही त्याच्या अंगात भिनलं पाहिजे.

ऊन, धूळ आणि बॉल यांचा हिशेब गार्डच्या खात्यात धरू नका. एप्रिल-मेमध्ये सिमेंटचं कोर्ट सकाळी नऊच्या पुढे भाजतं, सराव साडेसहाला सुरू करून साडेआठला आटोपलेला बरा. कोर्टवर धूळ असेल तर अचानक दिशा बदलणारा गार्ड घसरतो आणि तो हळू वाटू लागतो. झाडू मारून, तळवे ओल्या फडक्यावर पुसून मगच त्याचा वेग जोखा. सिमेंटवर झिजून गुळगुळीत झालेला आणि जास्त हवा भरलेला बॉल कमरेच्या वर उसळतो, हातात थांबत नाही. डोक्याच्या उंचीवरून सोडलेला बॉल साधारण कमरेपर्यंत परत आला पाहिजे. मुलींच्या संघांना तर कळकळीची विनंती: सरावाला सहा नंबरचाच बॉल द्या. सात नंबरचा बॉल घेरात साधारण चार सेंटीमीटरने मोठा आणि सत्तर ग्रॅमने जड असतो. वर्षभर त्याच्यावर सराव करून सामन्यात सहा नंबर हातात आला की गार्ड मुलीचे पास लांब जातात आणि शॉट बोर्डावर आपटतो. चूक तिची ठरते.

निवड समित्यांना वेगळं सांगायचं आहे. चाचणीत दहा अनोळखी मुलं एकत्र खेळवली की प्रत्येक जण स्वतःचा शॉट मारतो, कारण दिसायचं असतं. पास देणारा गार्ड अशा चाचणीत हमखास झाकला जातो. त्याऐवजी चार खेळाडू कायम ठेवा आणि गार्ड बदलत राहा, प्रत्येकाला पाच मिनिटं, समोर तोच संघ, त्यातली दोन मिनिटं प्रेस. वर सांगितलेले पाच रकाने दोघांनी स्वतंत्र लिहा, नंतर ताडून बघा. कोणाचा गार्ड, कोणत्या शाळेचा, हे शीटवर नको, फक्त नंबर. उंची बघा, पण उडी नव्हे तर हात पसरून मोजलेली लांबीही बघा. पास अडवण्यात आणि देण्यात तीच कामी येते.

आणि निर्णय कधी घ्यायचा? पहिल्या तीन सामन्यांवर घेऊ नका. रविवारचे डाव धरून किमान दहा वेळा त्याच्या हातात सहा मिनिटं ठरल्याप्रमाणे दिल्यावर वही उघडा. निर्णयाच्या चुका कमी होत गेल्या असतील, पेंटमध्ये बॉल जात असेल, तर हंगामाच्या उत्तरार्धात तो अनुभवी गार्डच्या जोडीला पहिल्या पाचात यावा. हाताच्या चुका कमी झाल्या पण निर्णयाच्या तशाच राहिल्या असतील, तर त्याला शूटिंग गार्ड करा, बॉल दुसऱ्याकडे द्या, त्यात कमीपणा काही नाही. दोन्ही तशाच असतील, तर त्याला समोर बसवून वही दाखवा आणि पुढच्या हंगामासाठी दोनच गोष्टी लिहून द्या. न सांगता बेंचवर ठेवलेला पोरगा दिवाळीनंतर ग्राउंडवर येणं बंद करतो. असे गार्ड तिन्ही जिल्ह्यांत दरवर्षी गळतात, आणि त्यांची नावं कुठल्याच शीटवर उरत नाहीत.

"त्याले खेयू द्या ना भो," असं प्रेक्षकांतून कोणी ओरडलं की प्रशिक्षकांना राग येतो, आणि तो येणं साहजिक आहे. बाहेरून ओरडणं सोपं असतं. म्हणून आम्ही ओरडलो नाही, लिहिलं. यंदाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेआधी चार रविवार मिळतात का, तेवढं तिन्ही जिल्ह्यांच्या प्रशिक्षकांनी आपसात बोलून बघावं. शीट लिहायला आणि घड्याळ धरायला माणसं लागतील. ती आम्ही देऊ.

आपले,
जळगाव, भुसावळ आणि धुळे येथील स्कोअर टेबलावर बसणारे काही बास्केटबॉलप्रेमी